अंतोबा तांबटाचं ‘नको’

तो वर कड्यावर काळा ढिगारा दिसतोय ना, तो रेवजीचा बुरूज. फोटो मग काढा, आधी टेका जरा. चढून जीव मेटाकुटीला आलाय तुमचा, तोंडावर दिसतंय. आता खाली गावाकडे बघा. घराघराच्या कौलांवर तांब्याची सळई उभी आहे. वीज पडली तर ती सळईतून जमिनीत जाते, घराला धक्का लागत नाही. आमच्या नऊ गावांत सळईवाचून एक घर सापडायचं नाही. त्या बुरुजावर मात्र ती कधी बसली नाही. मी इथल्या देवळाची गुरवीण. सासूबाईंनी मला सांगितलं तेच तुम्हाला सांगते, खरंखोटं देव जाणे.

फार मागे हे खोरं एका सुभेदाराच्या टाचेखाली होतं, असं सांगतात. माणसं नुसती पिचून गेली होती. त्यांच्यात अंतोबा तांबट होता. ही सळई त्याच्याच डोक्यातून निघाली. हातात कसब आणि जिभेवर साखर, असा माणूस. त्याने एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या नऊ गावांना एका पारावर बसवलं, घाट उतरून किनाऱ्यावरच्या राणीची मदत आणली, आणि सुभेदाराला न जुमानणारं नवं राज्य उभं केलं. राज्य केवढं, तर इथे उभं राहून एका नजरेत मावेल एवढं. पण आपलं!

अंतोबाला दुखणं एकच होतं. त्याचा मुलगा रेवजी त्या कड्यावरच्या गडावर सुभेदाराचा किल्लेदार होता. बापानेच त्याला त्या चाकरीला लावलं होतं, आणि खाल्ल्या मिठाला जाग म्हणून बजावलं होतं. पोरगं जागलं. काय म्हणावं याला! खाली सगळे सुटले आणि हा वर दार लावून बसला. मग नऊ गावांनी पारावर शपथ घेतली, की गडावर काहीएक चढू द्यायचं नाही, दाणाही नाही आणि धातूही नाही. ती शपथ घालणारा अंतोबाच होता.

वळवाचे दिवस आले. आभाळ रोज गडगडायला लागलं. एक दिवस रेवजीची बायको भागू खाली उतरली आणि पारासमोर पदर पसरून उभी राहिली.

“मामंजी, बुरुजात तोफांची दारू भरलीय आणि आमची लेकरं त्याच भिंतीला निजतात,” ती म्हणाली. “दाणापाणी मागत नाही. एक सळई द्या.”

सगळा पार अंतोबाकडे बघायला लागला. “अंतोबादादा, आता तुम्हीच सांगा.”

आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे का? ताटात लाडू वाढायला आले तरी आधी ‘नको’ म्हणायचं. मग चारचौघांनी आग्रह करायचा, तेव्हा घ्यायचा. मग पोटच्या पोरासाठी शपथ मोडा, असं तो कोणत्या तोंडाने म्हणणार?

“नको,” अंतोबा म्हणाला आणि थांबला.

त्याला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, अहो असं काय करता, लेकरं आहेत वर. पण कुणी तोंड उघडलं नाही. लोकांना वाटलं, केवढा हा माणूस! याच्या शब्दापुढे आपण काय बोलायचं? सगळे माना खाली घालून बसले. भागूने जरा वाट पाहिली आणि ती पुन्हा चढाला लागली. तिला कुणीच हाक मारली नाही, सासऱ्यानेही नाही.

त्याच आठवड्यात वीज पडली. बुरूज असा उडाला म्हणे, की दगड उपसून उपसून लोक थकले, पण ओळखू येईल असं माणूस हाती लागेना. गड पडला. सुभेदार परत फिरकला नाही. राज्य टिकलं म्हणून लोक अंतोबाला पालखीत बसवायला त्याच्या घरी गेले. तर तो विझल्या भट्टीपाशी बसलेला, आणि समोर नवी कोरी सळई. भलती लांब, कुठल्या घराला लागेल अशी नव्हेच. ती बुरुजाच्या मापाची होती. आभाळ गडगडायला लागल्यापासून तो ती ठोकत होता, असं शेजारणीने सांगितलं.

“एकदा तरी म्हणायचं होतंत रे, द्या म्हणून,” एवढंच तो बोलला. पालखी रिकामी परतली. अंतोबा त्याच उन्हाळ्यात झिजून गेला. आणि ते राज्य? ते दोन पिढ्यांतच कुणीतरी गिळलं. लेकरं गेली ती गेलीच. माझ्या सासूबाई इथे आल्या की देवाला शिव्या द्यायच्या, आणि मी त्यांना कधी गप्प केलं नाही.

आजही आमच्या गावसभेत कुणी स्वतःच्या माणसासाठी ‘नको’ म्हणालं, तर पुढचं काम थांबतं. सगळे उठून उभे राहतात आणि वयाने मोठा असेल तो जवळ जाऊन विचारतो, “मनापासून म्हणतोस का रे?” मग भलाभला गडीसुद्धा तिथेच ढसाढसा रडायला लागतो.