काळी गिटार आणि मधाच्या रंगाची गिटार

वाद्यं माणसांशी बोलत असत त्या काळी कराडात दिनकर गवंडी नावाचा एक वादक राहत होता. त्याची काळी बेस गिटार स्वस्तातली होती, पण खर्जातले जाड सूर लावून तिने त्याच्यासोबत कितीतरी लग्नं वाजवली. पुढे तिचा आवाज बसत गेला, तसा दिनकरने मधाच्या रंगाची एक भारी गिटार आणली आणि काळीला खुंटीला टांगलं.

काळीला वाईट वाटलं, तरी नवी वाजू लागली की ती मन लावून ऐके. एकदा तिने विचारलं, "बाई, तुझं लाकूड कुठलं गं? इतका गोड आवाज माझा कधीच नव्हता."

"लाकूड चांगलंच आहे माझं," नवी म्हणाली. "पण माझ्या तारा दर दोन महिन्यांनी बदलतात. तुझ्या कधी बदलल्या?"

काळीला काही केल्या आठवेना. शेजारी बसलेला दिनकर मात्र ओशाळला. "स्वस्तातली म्हणून मी तिच्याकडे कधी पाहिलंच नाही," तो म्हणाला.

त्याच दुपारी त्याने काळीची वाकलेली मान सरळ केली, नव्या तारा चढवल्या. मग गायिका रोहिणीताईंना पाठमोरं बसवून त्याने दोन्ही गिटार वाजवल्या.

"पहिली थोडी जास्त गोड आहे," रोहिणीताई म्हणाल्या, "पण दुसरीच्या साथीने मला गाणं सोपं जातं."

दुसरी काळी होती.

रविवारच्या लग्नाला कोणती न्यावी, या विचारात दिनकर पडला. तेव्हा नवीच म्हणाली, "तिला ने. लग्नातली गाणी तिला पाठ आहेत, मी अजून शिकतेय."