कंचुक

लोखंडी कड्या घमेल्यात ओतल्या की सळ्ळ असा आवाज यायचा. सटवाजीबुवांनी तो पोरवयात रोज ऐकलेला. त्यांचा बाप तुटकी चिलखतं सांधून द्यायचा. बाप जाऊन जमाना झाला. बुवा आता नदीकाठच्या झोपडीत राहायचे. चिलखत हा शब्द कानावर आला आणि तो आवाज पुन्हा आत कुठंतरी वाजला.

“तर मग आधीचा अर्थ कुठला, बुवा?” चिंतोशास्त्री विचारत होते. “कंचुक म्हणजे चिलखत, आणि कंचुक म्हणजे बाईची चोळीसुद्धा. आठवडाभर ग्रंथ चाळतोय. इथल्या एकाही पंडिताला सांगता आलं नाही.”

“मला तर अक्षरही येत नाही,” बुवा म्हणाले. “आमच्या घरी चिलखताला चिलखतच म्हणायचे.”

शास्त्री हसले. अंगावरची दरबारी शाल त्यांनी सारखी केली.

“आवडी कशी आहे?” बुवांनी विचारलं.

हसू गेलं. आवडी शास्त्र्यांची लेक, पंधरा वर्षांची. तिचा नवरा जाऊन आठ दिवस झाले होते.

“परवा दहावा. न्हावी येईल. केस जातील, चोळी जाईल... मग जन्मभर नुसतं आलवण गुंडाळून राहायचं. विधवेचं ठरलेलंच आहे.”

“ती काय म्हणते?”

“म्हणते, अप्पा, केस जाऊ द्या... चोळी तेवढी राहू द्या.”

“मग?”

“मी एकटा काय करणार? सगळी आळी वाळीत टाकील.” शास्त्र्यांनी मान खाली घातली. “तेव्हापासून त्या शब्दापाशी बसलोय.”

बुवा हळूच पुढं सरकले, आजारी माणसाचं पांघरूण काढावं तशी शास्त्र्यांच्या अंगावरची शाल काढली आणि घडी करून आपल्या मांडीवर ठेवली.

नदीवरून बोचरा वारा येत होता. पलीकडं पाणी भरणाऱ्या बाया थांबून बघू लागल्या.

शास्त्र्यांनी दोन्ही हात उघड्या छातीवर आडवे धरले.

“शाल द्या, बुवा. गारठा आहे. आणि त्या बघतायत...”

“बघतायत खऱ्या.”

“मग द्या ना.”

बुवांनी मांडीवरच्या शालीवर हात ठेवला.

“शास्त्री, तो शब्द पांघरा.”

शास्त्री उठले. पुन्हा शाल मागितली नाही. हात छातीवर तसेच धरून गावाच्या वाटेला लागले.