शिसवी दाराची चौकशी

शहराच्या मधोमध उभा असलेला देखणा महाल कुणीतरी पाडला. वर "आम्ही वारसा जपला" म्हणून मिरवत त्याचं शिसवी दार नव्या हॉटेलाच्या भिंतीला ठोकून ठेवलं. ही गोष्ट तेव्हाची.

दाराला गोणपाटात गुंडाळून आणलं होतं, त्यामुळे महाल आपल्यामागे आहेच, असं ते धरून चाललं होतं. आधी पालख्या, मग दवाखान्यातले रोगी, शेवटी शाळेच्या मुली, सगळ्यांना त्याने दीडशे वर्षं आत घेतलं होतं. आता लोक येत, वाहवा करत, फोटो काढत आणि परत जात. आत कुणीच जाईना.

न राहवून दाराने चौकटीवरच्या पालीला विचारलं, "पालबाई, मुली अजून कशा आल्या नाहीत? जरा मागे जाऊन बघता का, चौकात कोण आहे ते?"

पाल फटीत शिरली आणि लगेच परतली. "चौक कुठला, दारोबा? मागे नुसती भिंत आहे."

"नीट बघितलंत ना?"

"अहो, भिंतीवर जन्म गेला माझा. मला भिंत ओळखू येणार नाही?"

दाराची छोटी पितळी कडी विचारात पडली.

"मग दादा," ती म्हणाली, "या लोकांनी मला एवढं भलंमोठं कुलूप कशाला घातलंय?"