आधी पाणी

एका राज्यात विहिरी तुडुंब होत्या आणि माणसे तहानेने मरत होती. पाणी ओंजळीने प्यावे की भांड्याने, ओठांशी येताच त्याचा दगड होई. कुणा जोगिणीचा शाप होता. का दिला, ते कुणी सांगत नसे. लोक पानांवरचे दव चाटून जगत.

तिथला सिदाप्पा लोहार डोंगरापलीकडून आलेला. आला तेव्हा मिसरूड फुटत होते, आता मिशा पांढऱ्या. गावचे सारे फाळ त्याच्या ऐरणीवरचे. पण बोलताना शब्दाचे शेपूट वर जाई, त्याच्या आईचे जाई तसे. तोंड उघडले की कुणी म्हणे, "पाहुणे दर्याकडचे वाटतं?" दुसरा म्हणे, "छट्! रानातला असणार. लाव पैज." सिदाप्पा घण उचली आणि ऐरणीवर राग काढी.

त्याची बायको अंबू तहानेने निपचित पडली. तो तडक राजवाड्यावर गेला. दारावर बोलती मैना होती.

"काळ्या डोंगरावरचे गरुडाचे पीस आण," ती म्हणाली. "त्याच्या उजेडात वेताळाच्या भुयारातून जोगिणीचा तांब्या आण. मग राजाच्या हातचे पाणी पी. शाप सुटेल. तिसरे काम अवघड."

सिदाप्पाने पीस आणले. भुयारात शिरला. वेताळाने गुळाचा खडा पुढे केला, तांब्या काठोकाठ भरून दिला. "बसा. दमलात," म्हणाला. एवढेच. सिदाप्पाचे डोळे भरले. भुताला कळते, माणसाला कळत नाही!

दरबारात त्याने तांब्या ठेवला. "महाराज, आपल्या हाताने पाणी द्या."

राजा हसला. "शाब्बास! पण हा हेल इकडचा नव्हे. कुठला रे तू?"

तांब्यातल्या पाण्याचा दगड झाला.

सिदाप्पा कडाडला, "तुमच्या तलवारीला पाणी मी दिले! या सिंहासनाचे खिळे माझे! ते कुठले, हे कधी विचारलेत? माझी बायको मरते आहे, आणि तुम्हाला माझा मुलूख ओळखायचा खेळ सुचतो!"

मैना म्हणाली, "जोगीणही तहानलेली आली होती, महाराज. तुम्ही हेच विचारलेत. पाणी दिलेच नाही."

राजाची मान खाली गेली. दारी आलेल्याला आधी गूळपाणी, मग विचारपूस, ही त्याच्या वाडवडिलांची रीत. तोच ती विसरला होता. तो सिंहासनावरून उतरला. काही न विचारता त्याने तांब्या दोन्ही हातांनी उचलून कलता केला. दगड वितळला. सिदाप्पाच्या ओंजळीत पाणी पडले, आणि साऱ्या राज्यात पाणी पुन्हा पाणी झाले.

सिदाप्पा घोटभर प्याला. उरलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन वळला.

राजाने हळूच म्हटले, "आता विचारू का? आपण कुठले?"

"लोहारआळीतला. पिंपळाशेजारचे घर. अंबूला पाणी पाजायचे आहे, वाट सोडा."

वाट सुटली. अंबू प्याली, उठून बसली. तेव्हापासून त्या राज्यात पाणी पुढे, प्रश्न मागे.