धुरपाचा काळा दाणा

एका राज्यात, जिथे नद्या बोलावल्या की येत आणि डोंगर दमले की बसत, वीरबाहू नावाचा राजा होता. शूर होता, दिलदार होता, पण धीर म्हणाल तर नावालाही नव्हता.

त्या राज्याची एक जुनी रीत होती. मोठं काम काढायचं तर आधी कौल घ्यायचा. राजवाड्यापुढे रांजण ठेवायचा. ज्याला काम मान्य त्याने ज्वारीचा पांढरा दाणा टाकायचा, अमान्य त्याने उडदाचा काळा. ज्याचा दाणा त्याने टाकायचा, तोही आपल्याच हाताने. वीरबाहूला ती लांबलचक रांग सोसवेना. "प्रजा काय माझ्याबाहेर आहे?" असं म्हणून तो प्रजेच्या नावाने आपणच मूठभर ज्वारी ओतू लागला. आणि प्रजा? प्रजेने नुसतं मम म्हटलं. राजा बोले, दळ हाले! पुढे तर राजाने तो रांजणच नागविहिरीत फेकून दिला.

मग त्याला खजिन्याची हाव सुटली. डोंगराच्या पोटात धूम्राक्ष नावाच्या जादूगाराचा खजिना होता. दार खणायला राजाने गावोगावची तरणी पोरं धरून आणली. दाराची चौकट ढासळली आणि त्यातली कितीतरी तिथेच गाडली गेली. तरी राजा थांबला नाही.

दारातून आवाज आला, "राजा, सर्वांना विचारून आलास?"

"विचारलं. सर्वांचा होकार आहे."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! धुरातून धूम्राक्ष उभा राहिला. "खोटा कौल सांगितलास. तू दगड होशील. दगड पायांपासून चढेल, आणि मुखाशी पोचला की संपलास." राजाने पाऊल उचलायला पाहिलं, तर ते उचलेना. लोकांनी त्याला गाड्यावर घालून घरी आणलं.

राजाला एकच लेक, हेमलेखा. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा तिला काय तो बापच. दगड गुडघ्यांपर्यंत आला तेव्हा ती अन्नपाणी सोडून बसली. तिची ही दशा पाहून वाड्यावरच्या पिंपळातला म्हातारा धनेश पक्षी बोलला, "मुली, रडून दगड विरघळत नाही. रांजण परत आण. न विकलेले, न लुटलेले दाणे आण. मग प्रत्येक जाणत्या माणसाला विचार, राजाला सोडवायचं की नाही? कौल खरा पडला तर शाप तुटेल."

हेमलेखा नागविहिरीवर गेली. नागाने फणा काढून विचारलं, "रांजण इथे पडला कसा?" दरबारात सगळे सांगत, की दोर तुटला. ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी फेकला." नाग बाजूला झाला.

न विकलेले, न लुटलेले असे दाणे होते फक्त एका राक्षसाच्या शेतात. किती शूरांनी तिथे तलवारी परजल्या आणि हाडं ठेवली! हेमलेखा बांधावर थांबली. "काका, दाणे हवे आहेत. देता का?" राक्षस मटकन खालीच बसला. "अगं, आजवर मला कोणी विचारलंच नव्हतं," म्हणाला, आणि त्याने ज्वारी-उडदाचं पोतं भरून दिलं.

दोन कामं झाली. तिसरं काम सोपं, असं तिला वाटलं होतं. कसलं सोपं!

दगड राजाच्या छातीपर्यंत आला होता. त्याच्यासमोर रांजण ठेवला. प्रधान रुद्रसेन म्हणाला, "खरा कौल म्हणजे एकमुखी कौल. एकही काळा दाणा पडता कामा नये." तिलाही ते पटलं. पहिला आला गावचा पाटील. "ताईसाहेब, तुम्ही म्हणाल तसं," असं म्हणून त्याने ज्वारी टाकली. दाण्याची राख झाली. मागून आलेले सगळे तेच म्हणाले, आणि सगळ्या दाण्यांची राखच झाली.

तेव्हा हेमलेखाने प्रधानाला आणि शिपायांना दूर उभं केलं. ती हात जोडून म्हणाली, "मी सांगणार नाही. तुम्हीच ठरवा. कोणाला काही होणार नाही, हा माझा शब्द."

लोक जमिनीवर बसले आणि विचार करू लागले. विचाराची सवय मोडलेली, बिचाऱ्यांना घाम फुटला. नवरा-बायकोत वाद झाले, भावाभावांत झाले. मग एकेक उठला. "राजा चुकला, पण पुरात आमच्याबरोबर उभा होता," असं म्हणून एकाने ज्वारी टाकली. ती राहिली. पांढरे दाणे पडत गेले, रांजण भरत आला.

शेवटी आली धुरपा, विणकराची विधवा. तिची दोन्ही मुलं खजिन्याच्या दारात गाडली गेली होती. दगड आता राजाच्या गळ्याशी होता. धुरपाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "माझी लेकरं नेलीस तेव्हा मला विचारलंस? आज विचारतोयस, तर ऐक. नाही." आणि तिने काळा दाणा टाकला.

सगळे हबकले. रुद्रसेन धावत आला आणि त्याने रांजणात हात घातला. "ताईसाहेब, एकच दाणा! मी काढतो. कोणाला कळणार?"

हेमलेखाने बापाकडे पाहिलं. दगड हनुवटीला लागला होता. एका दाण्यापायी बाप जाणार होता. तरी तिने प्रधानाचा हात धरला. "राहू द्या. तो तिचा आहे." एवढं बोलून ती मोठ्याने रडू लागली.

तोच रांजण घणघणला. राजाच्या अंगावरून दगडाचे पापुद्रे गळून पडले, आणि तो लेकीजवळ कोसळला. धुरातून धूम्राक्ष बोलला, "एकमुखी कौल मी मागितलाच नव्हता. खरा मागितला होता." आणि तो निघून गेला. खजिन्याचं काय करायचं, तेही मग लोकांना विचारलं. लोकांनी दार बुजवायला सांगितलं, आणि ते बुजवलं.

राजा धुरपापुढे गुडघे टेकून बसला. "माई, तुझी लेकरं मला परत आणता येत नाहीत. मी काय करू, सांग."

धुरपा म्हणाली, "मी तुला मेलेला बघायला आले होते. ते काही झालं नाही. आता जगतोच आहेस, तर कोणाचं लेकरू नेण्याआधी त्याच्या आईच्या दारी जा. ती नाही म्हणाली, तर परत फिर."

राज्य सुखी झालं. राजा पुढे पुष्कळ वर्षं जगला, आणि पुष्कळ दारांवरून परत फिरला.