फेटा कोणाचा?

फार फार पूर्वी, राजे जेव्हा दरबारापेक्षा आखाड्यात अधिक रमत, त्या काळी एका राज्यात जोडकुस्तीची रीत होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन मल्ल असत. एकाने मातीत उतरायचे, दुसऱ्याने चुन्याच्या रेषेबाहेर उभे राहायचे. आतल्याने हात लांबवून बाहेरच्याच्या हाताला स्पर्श केला, की दोघांनी जागा बदलायच्या. स्पर्शावाचून रेषा ओलांडणे हा मोठा अधर्म मानला जाई. विजयाचा फेटा मात्र एकच असे. शेवटी जो मातीत उभा, त्याच्याच मस्तकी तो बांधला जाई.

येसबा आणि मालोबा ही त्या राज्यातील जोडी बारा वर्षे अजिंक्य होती. येसबा नेहमी आधी उतरे. तो प्रतिस्पर्ध्याला झुंजवी, दमवी, आणि मग मालोबाच्या हाती हात देई. मालोबा आत शिरे आणि पाहता पाहता त्याला चीतपट करी. बारा वर्षांत बारा फेटे. बाराही मालोबाच्या मस्तकी.

येसबाला याचे कधी काही वाटले नव्हते. पण एका जत्रेत फेटे बांधणारा म्हातारा सहज बोलून गेला, “मालोबाच्या डोक्याचं माप मला तोंडपाठ आहे. तुझ्या डोक्याला मात्र अजून हात लागला नाही हो माझा! काय रे, तू पैलवानच ना? की नुसता माती उकरायला जातोस?”

भोवतालचे खो खो हसले. येसबाही हसला. पण त्या दिवसापासून त्याचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. ‘बारा वर्षांत मी एकालाही पाडले नाही. मग मी जिंकलो, असे कसे म्हणावे? आणि जिंकलो नाही म्हणावे, तर हरलो तरी कधी?’ विचार करावा तितका गुंता वाढे. मालोबाला विचारावे, तर जीभ रेटेना.

त्याच वर्षी राजाने दवंडी पिटवली. यंदा जिंकेल ती जोडी आजन्म राजमल्ल. हरेल त्या जोडीने पुन्हा कधीही एकत्र उतरू नये.

हलगी कडाडली. येसबा मातीत उतरला. समोरच्या बलदंड मल्लाला त्याने घुसळून काढले. पण येसबाचाही ऊर भात्यासारखा धपापू लागला. रेषेबाहेरून मालोबा हात लांबवून ओरडत होता, “येसबा, हात दे! अरे, दे ना गड्या!”

येसबाने त्या हाताकडे पाहिले. तो हात आपल्याला सोडवायला आला आहे, की तेरावा फेटा न्यायला? त्याला उमगेना. रेषा दोन पावलांवर होती. तो जागचा हलला नाही.

“आज मीच संपवतो!” तो ओरडला.

तेवढा क्षण समोरच्याला पुरला. पुढच्याच श्वासाला येसबाची पाठ मातीला लागली.

लोक पांगल्यावर मालोबा त्याच्याजवळ येऊन बसला. “त्याचा उजवा गुडघा दुखरा होता,” तो म्हणाला. “तू दोनदा दाबलास, दोन्ही वेळा तो कळवळला. म्हटलं, नेहमीसारखं दाखवतोयस मला.”

“दाखवतोय? मी कधी काय दाखवलं?”

“बारा वर्षं दाखवतोस की! कोणाचा पाय कच्चा, कोणाचा खांदा. म्हणून तर मी पाडतो.”

“मला यातलं काहीच ठाऊक नाही रे,” येसबा म्हणाला. “मी आपला झुंजत होतो. आतून काही दिसत नाही.”

मालोबा त्याच्याकडे पाहतच राहिला. “मग इतकी वर्षं जिंकत कोण होतं?”



राजाज्ञेप्रमाणे जोडी मोडली. दोघांना निराळे जोडीदार मिळाले. येसबा पूर्वीइतकाच झुंजे, पण बाहेरच्याला त्यातले काही दिसत नसे. मालोबा डोळे ताणून उभा राही, पण आतला काही उघडे करीत नसे. त्या दोघांपैकी कोणीही पुन्हा जिंकला नाही.

लहानथोरांनो, एवढे ध्यानी धरावे: दोघांनी मिळून मिळवलेल्या यशातून जो आपला वाटा निराळा काढू पाहतो, तो वाट्यासह यशही गमावतो.