गेणूनं पूर्ण केलेला फेरा

एका गावात गेणू नावाचा एक भोळा गडी होता. त्याला शिकवलेलं तो कधीच विसरायचा नाही. खरी पंचाईत तीच होती.

त्याचे दाजी रंगनाथ लग्नांत लायटिंग करायचे. बहीण हौसानं गळ घातली, म्हणून त्यांनी गेणूला हाताशी घेतलं. "पण मोहित्यांच्या लग्नात अब्रू घालवलीस, तर तिथूनच गावी धाडीन," त्यांनी बजावलं.

मोहित्यांकडे पहिलीच माळ लागेना. दाजी म्हणाले, "हे सगळे दिवे एकाच तारेत ओवलेत. एक गेला की सगळे विझतात. गेलेला काढ आणि टोकं जोड." गेणूनं जोडली. माळ लखलखली.

दुपारी हळदीची पंगत बसली. ओळीत एक आजोबा पेंगत होते. गेणूनं त्यांना पत्रावळीसकट उचलून बाहेर ठेवलं आणि शेजारच्या दोघांचे हात एकमेकांत अडकवले.

"जेवा आता बिनघोर!"

दाजींनी कपाळावर हात मारला. "अरे, इथं प्रत्येकाला वेगळं वाढतात. घरातल्या दिव्यांसारखं! एक बंद झाला तरी बाकीच्यांचं चालू राहतं."

"असं होय!"

मग चौघांनी जनरेटर उचलला. गेणूची पाठ खाजली. त्यानं हात काढला. बाकीच्यांचं चालू राहणारच होतं. जनरेटर दाजींच्या पायावर बसला.

दुसऱ्या दिवशी गेणूनं बल्बला एकच तार जोडली. लंगडत आलेले दाजी खेकसले, "गेण्या, करंट निघाला तिथं परत यायला नको? फेरा पूर्ण झाल्याशिवाय काही होत नाही!"

"कळलं, दाजी."

संध्याकाळी नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला. दाजींना चालवेना, म्हणून पुढे दिव्यांची गाडी घेऊन गेणू, मागे बँड, त्यामागे घोडा. मांडव आला. नवरी हार घेऊन उभी. भटजींची नजर घड्याळावर. आणि गेणू सरळ पुढे! त्याच्या मागे बँड, बँडमागे घोडा. दाजी बोंबलत होते, पण बँडपुढे ऐकतंय कोण? वेशीला वळसा घालून मिरवणूक पुन्हा मारुतीपाशी आली. तिकडे मुहूर्त टळला.

धापा टाकत दाजी पोचले. गेणू हसला. "निघालो तिथं परत आणलं बघा. फेरा पूर्ण!"

"चालता हो! आत्ताच्या आत्ता गावी निघ!"

गेणूला फार वाईट वाटलं. त्यानं गाडीवरची आपली पिशवी उचलली. चार पावलं गेला आणि मागे वळला.

"दाजी, ताईला सांगा, रडू नको म्हणावं. निघालो तिथं परत येणारच की मी!"